झाडीतल्या वाटेवर गाडीची काच आणि रंग कसा वाचवायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवी फोर-बाय-फोर घेतली आहे, अरुंद जंगली वाटांवर दोन्ही बाजूंच्या फांद्या बॉनेटवर आणि दारांवर घासतात, एकदा एक जाड फांदी थेट समोरच्या काचेवर आपटली, तर तारा लावाव्यात, फिल्म चढवावी की लोखंडी गार्ड बसवावा?

काहीही विकत घेण्याआधी एक साधी गोष्ट करून बघा. सोबतच्या माणसाला खाली उतरवा, गाडी चालण्याच्या वेगाने झाडीतून न्या आणि एकच फांदी गाडीवरून कशी सरकते ते त्याला नीट बघायला सांगा. फांदी आधी बंपरच्या कोपऱ्याला लागते आणि वाकते. मग बॉनेटच्या कडेने मागे सरकत बॉनेट आणि काच यांच्यामधल्या खाचेत शिरते आणि वायपरच्या दांड्याला अडकते. गाडी पुढे जात राहते, फांदी धनुष्यासारखी ताणली जाते. तिथून सुटली की काचेच्या बाजूच्या खांबावरून घसरून आरशात अडकते, पुन्हा ताणली जाते आणि सुटताना मागच्या दारावर फटका मारते. नुकसान होतं ते या अडकण्या-सुटण्यात. नुसत्या घासण्याने बारीक चरे पडतात, पण वायपर वाकणं, आरसा मोडणं, काच फुटणं हे सगळं अडकलेल्या फांदीचं काम. म्हणून फांदीला अडवण्यापेक्षा तिला वर किंवा बाजूला निसटायला वाट करून देणं महत्त्वाचं.

काचेसाठी याचं सर्वांत चांगलं उत्तर म्हणजे तारा. इंग्रजीत त्यांना लिम रायझर (फांदी वर उचलणारे) म्हणतात. कॅमल ट्रॉफी या दुर्गम वाटांवरच्या साहसी मोहिमेतल्या (१९८० ते २०००) पिवळ्या लँड रोव्हरांचे फोटो पाहिलेत तर पुढच्या बुलबारपासून (बंपरपुढच्या लोखंडी चौकटीपासून) टपावरच्या कॅरिअरपर्यंत तिरक्या गेलेल्या दोन तारा दिसतील, त्या ह्याच. फांदी तारेला लागते, उतारावरून वर चढते आणि टपावरून मागे जाते. वायपरपर्यंत ती पोचतच नाही.

बसवताना मात्र बारकावे आहेत, आणि बहुतेक लोक इथेच घाई करतात. प्लास्टिकचं आवरण असलेला, ३ ते ५ मिलिमीटर जाडीचा स्टेनलेस स्टीलचा वायर रोप घ्या. खालचं टोक बुलबारच्या किंवा लोखंडी बंपरच्या बाहेरच्या कोपऱ्यावर, वरचं टोक कॅरिअरच्या पुढच्या कोपऱ्यावर. प्लास्टिकच्या बंपरला किंवा बॉनेटला तार बांधू नका. पहिल्याच जाड फांदीला पत्रा वाकेल. एका टोकाला ताण कमी-जास्त करायला टर्नबकल (फिरवून तार ताणायचा स्क्रू) आणि दुसऱ्या टोकाला चटकन सुटणारा हुक ठेवा, नाहीतर बॉनेट उघडताना दरवेळी पाना शोधावा लागेल.

तार वाजेल इतकी ताणू नका. ज्या गाड्यांची बॉडी वेगळ्या चासीवर (खालच्या लोखंडी सांगाड्यावर) बसवलेली असते, त्यांत बंपर चासीला जोडलेला असतो आणि टप बॉडीला. मध्ये रबरी बुश असतात. खडकाळ जागी चाकं वर-खाली झाली की बंपर आणि टप यांच्यातलं अंतर थोडं बदलतं. तार अगदी ताठ असेल तर तो सगळा ओढा कॅरिअरच्या क्लॅम्पवर येतो. हाताने दाबल्यावर दोनेक बोटं दबेल इतकी ढील ठेवा किंवा एका टोकाला लहान स्प्रिंग घाला. वरच्या टोकाला मुद्दाम एक कमकुवत दुवा ठेवा, म्हणजे बारीक दोरीचा फास. मनगटाएवढी न वाकणारी फांदी आली तर दोरी तुटावी, कॅरिअर उखडू नये.

हमरस्त्यावर गुळगुळीत तार वाऱ्याने शीळ घालते. तिच्यावर बारीक दोरी मळसूत्रासारखी गुंडाळली की आवाज बराच कमी होतो. उंच धुराड्यांभोवती जी मळसूत्री पट्टी दिसते तिचं तत्त्वही हेच. मला विचाराल तर रस्त्यावर तारा काढूनच ठेवाव्यात. पादचाऱ्याच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने तेच योग्य, आणि काचेमागे कॅमेरा असलेल्या गाड्यांत त्याच्या नजरेसमोर तारही येत नाही. बुलबार लावण्याआधी तुमच्याकडचा नियम आणि एअरबॅगच्या सेन्सरवर होणारा परिणाम तपासा. बारीक नळ्यांचे शोभेचे ब्रश गार्ड मला पटत नाहीत. जोराचा दाब आला की ते मागे वाकतात आणि ज्या दिव्यांना वाचवायचं त्यांच्यावरच बसतात.

तारांची एक मर्यादा लक्षात ठेवाच: त्या फक्त पुढे जाताना उपयोगी. मागे येताना फांदी तारेच्या आतल्या बाजूने शिरून तार आणि काच यांच्यामध्ये अडकू शकते. दाट झाडीत मागे यायची वेळ आली तर कुणीतरी खाली उतरून बघत राहिलंच पाहिजे.

समोरची काच दोन थरांची असते, मध्ये साधारण पाऊण मिलिमीटरचा प्लास्टिकचा पडदा. त्यामुळे ती तडकली तरी बहुधा जागेवर राहते. दारांच्या काचा सहसा टेम्पर्ड (तापवून कडक केलेल्या, एकाच थराच्या) असतात. टोकदार फांदीने त्यांचा एका क्षणात चुरा होतो. आणि उघड्या खिडकीतून आत आलेली फांदी थेट डोळ्यांशी येते. म्हणून झाडीत शिरण्याआधी खिडक्या बंद, आरसे मिटलेले, अँटेना काढलेली. पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवा, कारण तिने ताणलेली फांदी तुमच्या काचेवर सुटते. समोरच्या काचेला बारीक टवका उडालाच तर लगेच त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावा. धूळ-पाणी आत गेलं नाही तर रेझिन भरून दुरुस्ती नीट होते. गरम काचेवर गार पाणी ओतू नका, टवक्याची तड होईल.

आता रंग. कारखान्यातून आलेल्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतात आणि त्यातला वरचा पारदर्शक थर ४०-५० मायक्रॉनच असतो. पेंट प्रोटेक्शन फिल्म (रंगावर चिकटवायचा पारदर्शक प्लास्टिकचा थर) एकटीच १५० ते २०० मायक्रॉनची असते, म्हणून ती खरोखर उपयोगी पडते. चांगल्या फिल्मवरचे बारीक चरे उन्हाच्या उष्णतेने भरूनही येतात. काटे आणि तुटकी खोडं ती फाडतात, पण तेव्हा फिल्म बदलायची असते, रंग नाही. सगळ्या गाडीला परवडत नसेल तर बॉनेटपेक्षा बाजू आधी घ्या: पुढच्या मडगार्डचा फुगीर भाग, दारं, मागच्या चाकावरचा पत्रा आणि काचेच्या बाजूचे खांब. सिरॅमिक कोटिंग (रंगावर लावायचा द्रव लेप) फांदीला थांबवत नाही, थर फारच पातळ असतो. धुणं सोपं होतं एवढाच त्याचा फायदा. चुंबकी पत्रे एका दिवसापुरते ठीक, पण ॲल्युमिनियमच्या बॉडीला ते चिकटत नाहीत आणि खाली धूळ राहिली तर तेच रंग घासतात.

धुळीचं हे खरं तर फांद्यांनाही लागू आहे. कोरड्या धुळीने माखलेल्या गाडीवरून पान जरी ओढलं गेलं तरी चरा उठतो. जाण्याआधी गाडी धुतलेली असू द्या. परतल्यावर कोरड्या फडक्याने अजिबात पुसू नका, आधी भरपूर पाण्याने माती वाहू द्या. काचेवरही पाणी मारल्याशिवाय वायपर चालवू नका. मग चरे बघा. नखाला लागत नसलेला चरा पॉलिशने जातो. नख अडकत असेल तर तो बहुधा पारदर्शक थराच्या खाली गेला आहे. पत्रा दिसत असेल तर गंज धरण्याआधी टच-अप रंग लावा.

जी फांदी नुसती हाताने धरून बाजूला करता येते, तिच्यासाठी जिवंत झाड तोडू नका. सोबत्याने ती धरायची आणि गाडी गेल्यावर हळूच सोडायची. खरी भीती वाटेकडे तोंड करून उभ्या असलेल्या वाळक्या, तुटक्या टोकाची. ते वाकत नाही. ते रेडिएटरमध्ये किंवा टायरच्या बाजूच्या भिंतीत घुसतं. असं टोक दिसलं की थांबा, उतरा, मोडून बाजूला टाका. लांब वाळलेल्या गवतातून गेला असाल तर वरचेवर थांबून सायलेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (इंजिनाचा धूर स्वच्छ करणारा, खूप तापणारा डबा) यांच्याभोवती अडकलेलं गवत काढा, ते तापून पेटू शकतं. रेडिएटरच्या जाळीत गवताचं बी साचलंय का तेही त्याच वेळी बघून घ्या.

गाडी कोणती आहे आणि बंपर प्लास्टिकचा आहे की लोखंडी, ते कळवा. तारेचं खालचं टोक कुठे धरायचं ते त्यावरून सांगता येईल.