'आजीची' म्हटलं, आता बैल चालणार नाही

पोरी,

उत्स्फूर्त भाषणाच्या फेरीत विषयाची चिठ्ठी उघडली आणि डोकं कोरं झालं, असं लिहिलंयस. पटकन सुचावं म्हणून काय वाचू, असंही विचारलंयस. काही वाचू नकोस. त्या दिवशी तुला सुचलं होतं. चिठ्ठीत 'छत्री' निघाली आणि आधी तुझ्या डोळ्यांपुढे आला तो नाक्यावर तारा-काड्या घेऊन बसणारा छत्रीवाला. हे तूच पत्रात लिहिलंयस. पण तो तुला फारच साधा वाटला, म्हणून त्याला बाजूला सारून तू थेट हवामानबदलावर गेलीस आणि तिथे अडकलीस. हाताशी आलेलं टाकून द्यायची ही खोड पुस्तकानं जात नाही, खेळानं जाते.

चार-पाच जणी जमवा आणि एकेका शब्दाची गोष्ट खेळा. गोल बसायचं, प्रत्येकीनं एकच शब्द बोलायचा, गोष्ट पुढे न्यायची. मराठीत हा खेळ फार कडक होतो, म्हणून मला तो जास्तच आवडतो. पहिली म्हणते 'काल', दुसरी 'आजीची', तिसरी 'काळी'. चौथीनं मघापासून मनात एक बैल बांधून ठेवलेला असतो. 'आजीची' ऐकलं तेव्हाच तो सोडून द्यायला हवा होता, पण ती ऐकतच नव्हती, आपली पाळी कधी येते ते बघत होती. म्हणते, 'बैल'. सगळ्या हसतात. व्याकरण तिला चांगलं येतं; ती ऐकत नव्हती, एवढंच त्यातून उघड होतं. पुढचं ठरवून बसणाऱ्याला आपली भाषा अशी जागच्या जागी पकडते.

पाचवीला 'बँक' म्हणू देऊ नका, 'बँकेत' म्हणायला लावा. नाहीतर पुढची बिचारी 'मध्ये' म्हणण्यातच आपली पाळी घालवते. आणि क्रियापद शेवटी येत असल्यानं आजीची काळी मांजर बँकेत गेली, झोपली की चिकटली, हे शेवटचीच्या तोंडून बाहेर पडेपर्यंत कुणालाच माहीत नसतं. चुकलं तर 'सॉरी' म्हणत बसायचं नाही. सगळ्यांनी एक टाळी वाजवायची आणि नवी गोष्ट सुरू.

विभक्तीचाच दुसरा एक खेळ आहे. तो जान्नी रोदारी या इटालियन बालसाहित्यिकाचा. दोघींनी एकमेकींना न दाखवता एकेक नाम लिहायचं. त्याचं स्वतःचं उदाहरण कुत्रा आणि कपाट. आता ही दोन नामं वेगवेगळ्या तऱ्हांनी जोडून बघ: कपाटातला कुत्रा, कपाटावरचा कुत्रा, कुत्र्याचं कपाट. कुत्र्याचं कपाट म्हटलं की लगेच प्रश्न येतात. त्यात तो ठेवतो काय? किल्ली कुणाकडे? गोष्ट सुरू झालीसुद्धा. शब्द मात्र जितके लांबचे तितके बरे. 'कुत्रा आणि मांजर' निघालं तर चिठ्ठ्या परत टाका.

दोघींच्या खेळात नियम एकच: समोरचीनं जे म्हटलं ते खरं धरायचं आणि त्यात भर घालायची. 'अगं, दारात हत्ती आलाय' याला 'कुठे? काही नाहीये' असं उत्तर दिलं की खेळ तिथेच मेला. 'हो ना, वॉचमन त्याच्याकडे आधार कार्ड मागतोय' म्हटलं की पुढचं दार उघडलं. हे काही परदेशातूनच शिकायला हवं असं नाही. तमाशातल्या जुन्या वगात कथानक ठरलेलं असे, बोलणं मात्र बरंचसं फडावरच जुळे. राजानं विचारावं, 'राज्यात काय चाललंय?' सोंगाड्यानं म्हणावं, 'चालतंय कोण महाराज, समदे एस.टी.नं जात्यात.' राजाचं वाक्य त्यानं वाकडं केलं, पण खाली पडू दिलं नाही.

एकटी असशील तेव्हा एका मिनिटाचा खेळ खेळ. बीबीसी रेडिओवर १९६७ पासून तो गाजला. दिलेल्या विषयावर मिनिटभर बोलायचं. अडखळायचं नाही, शब्द पुन्हा आणायचा नाही, विषय सोडायचा नाही. विषयातला शब्द पुन्हा आला तर चालतो. 'आहे', 'आणि' असले बारीकसारीक शब्दही मोजू नकोस, नाहीतर मराठीत तोंडच उघडता येणार नाही. फोनवर रेकॉर्ड कर आणि फक्त 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' मोज. तुझ्या बोलण्यात ते फार येतात, रागावू नकोस.

आता खरी अडचण. या खेळांनी बोलायला सुरुवात होते, पण गोष्ट भरकटते. मांजर बँकेत गेली, तिथून चंद्रावर, तिथून लग्नाला. ऐकणारा पहिल्या फेरीत हसतो, तिसऱ्या फेरीत फोन काढतो. कीथ जॉन्स्टन या ब्रिटिश नाट्यशिक्षकानं यावर नेमकं बोट ठेवलंय. त्याच्या मते उत्स्फूर्त गोष्ट सांगणारा उलटा चालत असतो: पुढचं त्याला दिसत नाही, मागे काय काय सोडून आलो ते मात्र दिसतं. म्हणून नवीन सुचेना झालं की मागचं उचलायचं. आजी कुठे गेली? तिचं पासबुक कुणाकडे आहे? आपले नारदीय कीर्तनकार हेच तर करत आलेत. पूर्वरंगात अभंग घेऊन त्याचं निरूपण, उत्तररंगात आख्यान, आणि आख्यान कितीही रंगलं तरी बुवा ते शेवटी त्याच अभंगाशी आणून सोडतात. जवळपास कुठे कीर्तन असेल तर एकदा पूर्ण ऐक, आणि बुवा नेमके कुठून मागे वळतात तेवढंच बघ.

मग खेळाला एक नियम जोडा: दोन फेऱ्या झाल्या की नवं पात्र, नवी जागा बंद. जे आलंय त्यातूनच गोष्ट संपवायची. पहिल्यांदा फार रडतरडत होईल. होऊ दे.

आणि हो, यात आजीलाही घे. उखाण्यात नाव शेवटाला बसवायची सवय असलेल्या बायका शेवटाकडे फार नीट येतात.

पुढची फेरी कधी आहे ते कळव. त्याआधीच्या शनिवारी संध्याकाळी मी मोकळा आहे. मैत्रिणींना घेऊन घरीच ये. चिठ्ठ्या मी करून ठेवतो.

तुझा,
सर