नवरा पोर्तुगीज पासपोर्टवर, मी भारतीय पासपोर्टवर : पॅरिस, लिस्बन आणि इंग्लंड एका फेरीत जमेल का?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा: यजमानांनी पोर्तुगीज नॅशनॅलिटी केलीय आणि गोव्यात ते ओसीआयवर (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं कार्ड) राहतात. तुमचा आणि सासूबाईंचा पासपोर्ट भारतीय. मे महिन्यात आधी पॅरिस चार दिवस, मग लिस्बनला मामांकडे दहा दिवस, तिथून इंग्लंडमधल्या स्विंडनला दिरांकडे आठवडाभर, आणि पुन्हा पॅरिसला येऊन परतीचं विमान. एजंट म्हणतो, "एक शेंगेन काढला की युरोपात सगळीकडे चालतो."

नाही चालत. मी मडगावात तिकिटांचं आणि व्हिसाच्या कागदांचं काम करतो, हे वाक्य दर मोसमात कुणाच्या तरी तोंडून ऐकतो. शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं अशा युरोपीय देशांचा गट, त्यात आज 29 देश आहेत. स्वित्झर्लंड आणि नॉर्वे युरोपीय संघात नसूनही त्यात आहेत, आयर्लंड संघात असूनही नाही. ब्रिटन तर संघात होता तेव्हाही शेंगेनमध्ये नव्हता. म्हणजे स्विंडनसाठी तुम्हा दोघींना ब्रिटनचा वेगळा व्हिजिटर व्हिसा लागणार. यजमानांना व्हिसा नको, पण 2 एप्रिल 2025 पासून युरोपीय नागरिकांनाही निघण्याआधी ऑनलाइन ईटीए (प्रवासाची पूर्वपरवानगी) काढावा लागतो. आणि त्यांनी पोर्तुगीज पासपोर्टच न्यायचा. लिस्बन-पॅरिस करताना ओळखपत्राचं कार्ड पुरतं, म्हणून लोक पासपोर्ट मामांच्या कपाटात ठेवून निघतात आणि लंडनच्या विमानाला अडकतात.

आता तुमच्या बेतातली खरी गोम. तुम्ही इंग्लंड फेरीच्या मधोमध घातलंय. लिस्बनहून लंडनला गेलात की शेंगेनमधून बाहेर पडलात, आणि परतीसाठी पॅरिसला आलात की तो दुसरा प्रवेश. व्हिसाच्या स्टिकरवर प्रवेशांच्या रकान्यात '01' असेल तर तुम्हाला लंडनलाच थांबवतील. पहिल्यांदा जाणाऱ्याला एकच प्रवेश मिळणं अगदी नेहमीचं. त्यामुळे क्रम बदला: गोव्याहून आधी लंडन, स्विंडनचा आठवडा उरका, मग पॅरिस, मग लिस्बन, आणि लिस्बनहूनच घरी. ठिकाणं तीच, पण शेंगेनमध्ये प्रवेश एकदाच. तिकीट काढायच्या आधी हा क्रम कागदावर पक्का करा. आमच्याकडे लोक उलट करतात, स्वस्त तिकीट दिसलं की आधी घेतात आणि मग व्हिसा त्याच्यामागे धावतो.

स्टिकर हातात आला की आणखी एक रकाना बघा, मुक्कामाच्या दिवसांचा. 'पासून-पर्यंत' या तारखांमध्ये महिना दिसतो, पण खाली दिवस वीसच लिहिलेले असू शकतात. मोजायचे ते हे दिवस. एरवी कमाल मर्यादा कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवस. 12 ऑक्टोबर 2025 पासून सीमेवर नवी संगणकीय नोंद सुरू झालीय, त्यामुळे "शिक्का नीट उमटलाच नव्हता" ही सबब आता उपयोगाची नाही.

अर्ज कुठल्या देशाकडे? जिथे जास्त दिवस राहणार तिकडे. तुमच्या बाबतीत पोर्तुगाल. पोर्तुगालचा व्हिसा घेऊन आधी पॅरिसला उतरलं तर चालतं, घाबरू नका. फक्त लिस्बनचं पुढचं तिकीट, मामांचं पत्र आणि विमा हातातल्या बॅगेत ठेवा, तिथला अधिकारी विचारू शकतो. मामांचं पत्र म्हणजे साधी चिठ्ठी नव्हे. पोर्तुगालमध्ये त्याला 'तेर्मो द रेस्पोन्साबिलिदाद' म्हणतात. राहण्याची, खर्चाची हमी ज्याच्याकडे उतरायचं तो लेखी देतो. ते मामांकडून आत्ताच मागवून ठेवा, मे उजाडेपर्यंत थांबू नका.

फी माणशी 90 युरो, वर व्हिसा अर्ज घेणाऱ्या केंद्राचा आकार. तुम्ही लिहिलंय की "पोर्तुगीज माणसाच्या बायकोला फुकट मिळतो असं ऐकलं". अर्धं बरोबर ऐकलंय. युरोपीय संघाचा 2004 चा निर्देश असा की संघाचा नागरिक आपल्या देशाखेरीज दुसऱ्या सदस्य देशात जात असेल, तर त्याच्याबरोबर जाणाऱ्या पत्नीला व्हिसा मोफत आणि लवकर द्यायचा. हॉटेल, बँक, विमा यांचे पुरावेही मागायचे नाहीत. तुमचा मुख्य मुक्काम फ्रान्समध्ये असता तर हे थेट लागू झालं असतं. पोर्तुगाल मात्र यजमानांचा स्वतःचा देश, तिथे त्यांचा देशी कायदा बघावा लागतो. म्हणून फुकट गृहीत धरू नका, अर्ज भरतानाच 'पोर्तुगीज नागरिकाची पत्नी' म्हणून वेगळा प्रकार आहे का ते विचारा. चुकून साध्या पर्यटकाच्या रांगेत बसलात तर नंतर वळवणं कटकटीचं होतं.

कुठल्याही मार्गाने गेलात तरी नातं कागदावर सिद्ध करावं लागेल, आणि आपल्या गोव्यात घोडं इथेच पेंड खातं. लग्नाच्या सरकारी नोंदणीची पहिली सही झाली, हॉल झाला, जेवणावळी झाल्या, आणि दुसरी सही राहूनच गेली, अशी जोडपी मी पाहिलीत. दुसऱ्या सहीशिवाय नोंदणी पुरी होत नाही. तुमची झाली असेलच, पण सिव्हिल रजिस्ट्रारकडून दाखला ताजा काढा आणि त्याचं अपोस्टील (परदेशात कागद ग्राह्य धरावा म्हणूनचं सरकारी प्रमाणीकरण) करून घ्या. यजमानांचं लग्न पोर्तुगालच्या नोंदीत चढवलंय का, तेही बघा. कित्येकांनी नॅशनॅलिटी लग्नाआधी केलेली असते, त्यामुळे तिथल्या दप्तरी ते अजून अविवाहितच! मग आडनावाचं स्पेलिंग. गावकर एका कागदावर 'के' ने, वडिलांच्या जन्माच्या तेओरवर (जन्मनोंदीच्या उताऱ्यावर) 'सी' ने, पासपोर्टवर तिसरंच काहीतरी. ही सगळी एकाच माणसाची नावं असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा.

सासूबाईंचं वेगळं आहे. त्या मुलावर अवलंबून आहेत हे दाखवता आलं तरच कुटुंबीयांच्या सवलतीत बसतात. त्यांचं स्वतःचं पेन्शन आणि ठेवी असतील तर सरळ पर्यटक व्हिसाच घ्या. त्याच ठेवी मग त्यांच्या बाजूने बोलतात. विमा किमान 30,000 युरोंचा हवा, पण त्यांना बीपी-शुगर असेल तर जुन्या आजारांचा खर्च त्यात धरलाय का ते बारीक अक्षरात वाचा. व्हिसासाठी पुरणारा विमा आणि इस्पितळात उपयोगी पडणारा विमा यांत बरंच अंतर असतं. आणि कृपा करून अर्जाच्या आठवडाभर आधी खात्यात कुणाचे उसने दोन लाख भरू नका. स्टेटमेंट बघणाऱ्याला ते पहिल्या नजरेत कळतं.

वेळेचं म्हणाल तर पासपोर्ट एक आणि व्हिसे दोन, म्हणजे एकामागून एकच. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण 15 दिवस, कागद अडले तर 45 पर्यंत. ब्रिटनचे साधारण तीन आठवडे. पहिल्याच खेपेला बोटांचे ठसे द्यायला दोघींना स्वतः जावं लागेल. मे महिन्याच्या तारखा लवकर भरतात, तेव्हा नाताळ आटोपला की लगेच अपॉइंटमेंट घ्या. त्याआधी दोन्ही पासपोर्ट काढून बघा: परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने मुदत, दोन कोरी पानं, आणि पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला हवा. यजमानांना सांगा, परत येताना ओसीआय कार्ड जवळ नसेल तर लिस्बनला काउंटरवर बोर्डिंग पास देत नाहीत.