डिग्री झाली, नोकरी लागली, मग अजून कसले कोर्स? बार्शीच्या एका आईला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी बीएस्सी इमेजिंग करून पुण्यात एका प्रायव्हेट हॉस्पिटलला तीन वर्षं सीटी स्कॅनच्या मशीनवर आहे, पगार जेमतेम, त्यातून रूमचं भाडं जातं, आणि तरी सुट्टीच्या दिवशी कुठल्या कॉन्फरन्सला जाते, रात्री ऑनलाइन कोर्स करते, फी स्वतःच भरते. तिचे मामा म्हणतात हे सगळे पैसे उकळायचे धंदे आहेत, एकदा सर्टिफिकेट हातात आलं की विषय संपला. तिला इंग्लंडला जायचंय, तुम्ही स्थळं बघताय, आणि तुमचा प्रश्न असा की हे शिकणं संपणार कधी, आणि लग्न-बाळंतपणात गॅप पडली तर आजवरचं सगळं पाण्यात जाणार का.

सरळच सांगते, संपणार नाही. या फील्डमध्ये जोवर मशीनवर उभं राहायचंय तोवर शिकायचंय. पण मला तुमच्या पत्रात काळजी वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. तुम्ही लिहिलंय की "कसले कसले कागद आणते आणि कुठेतरी टाकून देते". ताई, शिकणं चालूय ते उत्तम, पण त्याची नोंद नसेल तर ज्या दिवशी कुणी मागेल त्या दिवशी तिच्याकडे दाखवायला काहीच नसेल, आणि तीन वर्षांच्या नोंदी एका रात्रीत बसून खऱ्या लिहिता येत नाहीत.

आधी मामांच्या शंकेचं बोलू. डिग्रीत शिकलेलं पुरत का नाही? एक उदाहरण देते. कंबरेचा एक्स-रे काढताना जननेंद्रियांवर शिशाचं शिल्ड ठेवायचं, हे कित्येक पिढ्यांना शिकवलं, परीक्षेत लिहायला लावलं. 2019 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या मेडिकल फिजिसिस्ट लोकांच्या एएपीएम या संघटनेने सांगितलं की हे सरसकट ठेवणं बंद करा. कारण असं की आताच्या मशीनमध्ये ऑटोमॅटिक एक्स्पोजर कंट्रोल असतो, किरण किती पोचले ते सेन्सर मोजतो आणि पुरेसे झाले की मशीन थांबतं. शिल्ड जरा सरकून सेन्सरवर आलं की मशीनला वाटतं किरण कमी पडतायत, मग ते जास्त सोडतं, म्हणजे ज्याला वाचवायला शिल्ड ठेवलं त्यालाच किरणांचा डोस जास्त. शिवाय जे हाड बघायचंय तेच झाकलं गेलं तर एक्स-रे परत काढा. आता याचा अर्थ तिने उद्यापासून मनानेच शिल्ड बाजूला ठेवायचं असा नाही हं, डिपार्टमेंटचा प्रोटोकॉल बदलेपर्यंत तोच पाळायचा, पण जगात काय बदललंय आणि का बदललंय हे माहीत असणारी टेक्नॉलॉजिस्ट आणि माहीत नसणारी यात फरक पडतोच.

अजून एक. फिल्मच्या जमान्यात डोस जास्त गेला की फिल्म काळी पडायची, सगळ्यांना दिसायचं. डिजिटलमध्ये उलट होतं, डोस जास्त गेला तर फोटो अजून स्वच्छ येतो, डॉक्टर खूश, कुणाची तक्रार नाही, आणि असं करत करत सगळ्या डिपार्टमेंटचा डोस हळूहळू वर सरकतो. स्क्रीनवर एक्स्पोजर इंडेक्स नावाचा आकडा असतो तो बघायची सवय असेल तरच पकडता येतं. ही सवय कुणीतरी शिकवावी लागते, आणि दोन-चार वर्षांनी परत आठवण करून द्यावी लागते. सुरक्षेचंही तसंच. जानेवारी 2018 मध्ये मुंबईच्या नायर हॉस्पिटलमध्ये पेशंटचा नातेवाईक ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला आणि मशीनने त्याला सिलिंडरसकट ओढून घेतलं, तरुण माणूस जिवानिशी गेला. स्कॅन चालू नसला तरी एमआरआय मशीनमधला ताकदवान चुंबक चालूच असतो, एवढी एक गोष्ट त्या खोलीजवळ येणाऱ्या प्रत्येकाला, वॉर्डबॉयला सुद्धा, परत परत सांगत राहावी लागते. म्हणून मामांना सांगा की हे ट्रेनिंग नुसतं कागदासाठी नसतं.

पण मामा एका बाबतीत बरोबर आहेत. बाजारात "इंटरनॅशनल" लिहिलेले सोनेरी कागद विकणारे भरपूर आहेत. कोर्स कोण देतंय, त्यामागे युनिव्हर्सिटी किंवा व्यवसायाची मान्य संघटना आहे का, शिकवणारा कोण, हे विचारल्याशिवाय रुपया द्यायचा नाही. आणि "सोनोग्राफी टेक्निशियन" असा काही कोर्स कुणी गळ्यात मारत असेल तर लांबच राहा. पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्यामुळे आपल्याकडे सोनोग्राफी नोंदणी असलेल्या सेंटरमध्ये, पात्रता असलेल्या डॉक्टरांनीच करायची असते, टेक्नॉलॉजिस्टने स्वतः करायची नाही, त्या सर्टिफिकेटवर महाराष्ट्रात तिला ते काम करताच येणार नाही. फुकटात चांगलं हवं असेल तर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था, म्हणजे आयएईए, तिचे रेडिएशन सेफ्टीचे ऑनलाइन कोर्स बघायला सांगा. पैसे खर्च करायचेच तर वर्षातून एक चांगली कॉन्फरन्स, बाकी फुकटचं. मला तरी तिच्या पगारात हेच बसतंय असं वाटतं.

आता नियमांचं. आपल्याकडे 2021 मध्ये अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा राष्ट्रीय कायदा झाला, त्यात रेडिओलॉजी-इमेजिंगवाले वेगळ्या गटात घेतलेत, राज्य परिषदा, रजिस्टर, लायसन्सची परीक्षा अशी चौकट आखलीय. पण रोजच्या नोकरीत आज तिला "या दोन वर्षांत काय शिकलीस, दाखव" असं सहसा कुणी विचारत नाही. बाहेर मात्र विचारतात. अमेरिकेत एआरआरटी या टेक्नॉलॉजिस्टना सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं सर्टिफिकेट टिकवायला दर दोन वर्षांनी शिकण्याचे 24 क्रेडिट लागतात, आणि 2011 पासून पुढे ज्यांनी सर्टिफिकेट घेतलं त्यांना दर दहा वर्षांनी आपलं ज्ञान परत तपासून घ्यावं लागतं आणि जिथे कमी पडलं तेवढं शिकून द्यावं लागतं. इंग्लंडचं वेगळं आहे. तिथे रेडिओग्राफर म्हणून काम करायला एचसीपीसी या कौन्सिलकडे नोंदणी लागते, दर दोन वर्षांनी रिन्यूअल, तासांचा ठरलेला आकडा नाही, पण रिन्यूअलच्या वेळी 2.5 टक्के लोकांची नावं चिठ्ठी काढल्यासारखी निवडतात आणि त्यांना सांगतात, शिकलात काय, त्याने तुमचं काम कसं सुधारलं आणि पेशंटला काय फायदा झाला ते लिहून पुराव्यासकट द्या. नुसती सर्टिफिकेटं चिकटवून भागत नाही. आपल्या मुलामुलींना हेच जड जातं, कारण इथे आपण हजेरी लावतो, सही करतो, चहा पिऊन घरी येतो.

म्हणून तिला एक वही घालायला सांगा, किंवा फोनमध्ये फाइल, काहीही. प्रत्येक वेळी चार ओळी बस झाल्या, तारीख, विषय, काय नवीन कळलं, आणि कामात काय बदललं. उदाहरणार्थ "लहान मुलांच्या सीटीच्या डोसवर लेक्चर ऐकलं, दुसऱ्या दिवशी आपल्या मशीनवरचे पेडियाट्रिक प्रोटोकॉल मॅडमबरोबर तपासले, दोन ठिकाणी मोठ्या माणसाचीच सेटिंग होती, ती बदलून घेतली." अशी एक नोंद दहा सर्टिफिकेटांना भारी आहे. हॉस्पिटलला एनएबीएच, म्हणजे दर्जाची राष्ट्रीय मान्यता असेल तर स्टाफच्या ट्रेनिंगची फाइल असतेच, ऑडिटच्या आधी सगळ्यांच्या सह्या घेतात ना, तीच, त्यातल्या आपल्या ट्रेनिंगच्या कॉपी एचआरकडून आत्ताच मागून घ्यायच्या, नोकरी सोडल्यावर कुणी दारात उभं करत नाही. छातीवर लावतात तो किरणांचा डोस मोजणारा टीएलडी बॅज दर तीन महिन्यांनी बदलतो, त्याच्या रिपोर्टवर तिचा पर्सनल नंबर असतो, तो लिहून ठेवायचा आणि नवीन हॉस्पिटलला तोच द्यायचा, म्हणजे आयुष्यभराच्या डोसचा हिशोब एका जागी राहतो. नवीन नंबर काढून घेऊ नये.

गॅपचं विचारलंत. एचसीपीसीचा नियम असा आहे की दोन ते पाच वर्षं काम सुटलं असेल तर परत यायला 30 दिवसांचं अपडेटिंग दाखवावं लागतं, पाच वर्षांच्या वर गेलं तर 60 दिवसांचं. म्हणजे दार बंद होत नाही, पण दोन वर्षांच्या आत परत मशीनवर आली तर हा प्रश्नच येत नाही. स्थळ बघताना हे आधीच बोलून घ्या, मुलाकडच्यांना स्पष्ट सांगा की हिला पूर्ण बंद करून चालणार नाही, आठवड्यातून दोन-तीन दिवस का होईना काम चालू राहू दे. यात संकोच करू नका ताई, हा तिच्या पोटापाण्याचा विषय आहे. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची घाई मात्र नको, एचसीपीसीला एकूण 7 बँड आणि कुठल्याही भागात 6.5 च्या खाली नाही असं लागतं, आणि तो स्कोअर दोनच वर्षं चालतो, तेव्हा अर्ज करायचं नक्की झालं की मगच परीक्षा.

या रविवारी तिला कॉन्फरन्सला नका पाठवू, घरी बोलवा, ते इकडेतिकडे टाकलेले कागद सगळे काढून तारखेप्रमाणे लावू दे, आणि मागच्या वर्षभरातलं जेवढं खरंच आठवतंय तेवढंच लिहू दे. ती यादी मला पाठवायला सांगा, त्यावरून पुढच्या वर्षी काय करायचं आणि काय सोडायचं ते तिच्याशीच फोनवर बोलेन.

तुमची,
करिअर मार्गदर्शक ताई