लिनक्सची बूट सीडी: कर्नल डिस्कवरच राहू द्या

(आज्ञा इथे देवनागरीत छापल्या आहेत, संगणकावर त्या रोमन लिपीत टंकाव्यात.)

प्रश्न: एकाच डिस्कवर विंडोज आणि डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) आहे. विंडोज पुन्हा टाकल्यावर ग्रबची (कोणती यंत्रणा सुरू करायची ते विचारणाऱ्या प्रोग्रामची) निवडसूची येत नाही. अशा वेळी डेबियन सुरू करणारी सीडी आधीच कशी करून ठेवावी? तिच्यावर कर्नलही (लिनक्सचा गाभाही) घ्यावा का?

उत्तर: कर्नल अजिबात घेऊ नका. कर्नलचे मॉड्यूल (वायफाय, आवाज वगैरे चालवणारे त्याचे सुटे भाग) तुमच्या डिस्कवर /लिब/मॉड्यूल्स या फोल्डरमध्ये, प्रत्येक आवृत्तीसाठी वेगळे असतात. काही महिन्यांनी डेबियन अद्ययावत होते, जुनी आवृत्ती काढून टाकली जाते, पण सीडीवरचा कर्नल जुनाच राहतो. मग यंत्रणा कशीबशी सुरू झाली तरी वायफाय नाही, आवाज नाही, अशी अवस्था होते. सीडीवर फक्त ग्रब ठेवा. तो डिस्कवरचा चालू कर्नल उचलतो, म्हणून सीडी शिळी होत नाही.

लागणारी पॅकेजेस चार: ग्रब-पीसी-बिन, ग्रब-ईएफआय-एएमडी६४-बिन, झोरिसो आणि एमटूल्स. नावातले शेवटचे ‘बिन’ विसरू नका. ते नसलेली दोन्ही ग्रब पॅकेजेस एकत्र नांदत नाहीत. ‘बिन’वाली नांदतात, आणि त्यामुळेच सीडी बायॉस व यूईएफआय (संगणक सुरू करणारे जुने व नवे फर्मवेअर) दोन्हींवर चालते. एमटूल्स नसेल तर यूईएफआयचा भाग तयार होत नाही.

‘सीडी’ नावाचे फोल्डर करा, त्यात ‘बूट’ आणि बूटमध्ये ‘ग्रब’. ग्रबमध्ये ग्रब.सीएफजी ही फाइल दोन ओळींची:

सर्च --सेट=रूट --एफएस-यूयूआयडी (इथे पार्टिशनचा यूयूआयडी, म्हणजे ओळख-क्रमांक)
कॉन्फिगफाइल /बूट/ग्रब/ग्रब.सीएफजी

कंस सोडून द्या. क्रमांक ‘सुडो बीएलकेआयडी’ने मिळतो, डेबियनच्या रूट (मुख्य) पार्टिशनसमोरचा घ्या. /बूट वेगळ्या पार्टिशनवर असेल तर क्रमांक त्या पार्टिशनचा, आणि दुसऱ्या ओळीतला मार्ग /ग्रब/ग्रब.सीएफजी. इथेच सर्वांत जास्त चुका होतात. मग:

ग्रब-एमकेरेस्क्यू -ओ बूट.आयएसओ सीडी

तयार झालेली आयएसओ फाइल (पूर्ण सीडीची प्रतिमा) ७०० एमबीच्या सीडीवर सहज मावते. ती फाइल म्हणून कॉपी केली तर सीडी बूट होणार नाही. के३बी किंवा ब्राझेरोमध्ये ‘इमेज बर्न’ हा पर्याय निवडा.

सीडी लावल्यावर निवडसूची न येता नुसता ‘ग्रब>’ दिसला, तर बहुधा क्रमांक चुकला आहे किंवा पार्टिशन नव्याने फॉरमॅट झाले आहे. ‘एलएस’ टंका, मग एकेक पार्टिशन तपासा: एलएस (एचडी०,जीपीटी२)/. ग्रब डिस्क ० पासून मोजतो, पार्टिशन १ पासून. जिथे बूट, ईटीसी, होम दिसतील ते रूट पार्टिशन. ते जीपीटी२ असेल तर:

सेट रूट=(एचडी०,जीपीटी२)
लिनक्स /व्हीएमलिनझ रूट=/डेव्ह/एसडीए२ आरओ
इनिटआरडी /इनिटआरडी.आयएमजी
बूट

इनिटआरडीची (सुरुवातीला लागणाऱ्या तात्पुरत्या फाइलसिस्टिमची) ओळ राहिली तर रूट फाइलसिस्टिम माउंट होत नाही आणि कर्नल पॅनिक येते, म्हणजे कर्नल तिथेच थांबतो. ‘रूट=’ चुकले तर त्याच तात्पुरत्या फाइलसिस्टिमच्या, म्हणजे इनिटरॅमएफएसच्या, प्रॉम्प्टवर अडकता. एनव्हीएमई डिस्क असेल तर एसडीए२ च्या जागी एनव्हीएमई०एन१पी२ लिहा.

डेबियन सुरू झाल्यावर ग्रब कायमचा परत बसवा, नाहीतर दर वेळी सीडी लागेल. बायॉसवर ‘सुडो ग्रब-इन्स्टॉल /डेव्ह/एसडीए’. एसडीए१ नव्हे, पूर्ण डिस्क. यूईएफआयवर डिस्कचे नाव न देता नुसते ‘सुडो ग्रब-इन्स्टॉल’, पण सीडी यूईएफआय मोडमध्येच सुरू केलेली हवी. /सिस/फर्मवेअर/ईएफआय हे फोल्डर दिसत असेल तर मोड बरोबर आहे. शेवटी ‘सुडो अपडेट-ग्रब’. सूचीत विंडोज न दिसल्यास /ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब मध्ये ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स ही ओळ घालून तीच आज्ञा पुन्हा द्या; ग्रब २.०६ पासून इतर यंत्रणांचा हा शोध मुळातच बंद असतो.

यूईएफआय संगणकावर मात्र सीडी शोधण्याआधी सेटअपमधला (फर्मवेअरच्या पडद्यावरचा) बूटक्रम पाहा. विंडोज बहुधा स्वतःला वर सरकवते एवढेच. ‘डेबियन’ पुन्हा पहिल्या क्रमांकावर आणले की काम होते.

प्रश्न: लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नाही.

उत्तर: हीच आयएसओ पेनड्राइव्हवर चालते. ‘एलएसबीएलके’ने पेनड्राइव्हचे नाव नीट पाहून घ्या, मग सुडो डीडी आयएफ=बूट.आयएसओ ओएफ=/डेव्ह/एसडीबी. नाव चुकले तर दुसरी डिस्क पुसली जाईल. पेनड्राइव्हवरून बूट केल्यावर एचडी० म्हणजे पेनड्राइव्हच असू शकतो, तेव्हा ‘एलएस’ केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

प्रश्न: सीडी लावली की सुरक्षेच्या उल्लंघनाचा संदेश येतो.

उत्तर: सिक्युअर बूट (फक्त सही असलेले प्रोग्राम सुरू करू देणारी सोय) चालू आहे. अशा प्रकारे घरी बनवलेल्या ग्रबवर सही नसते, म्हणून फर्मवेअर तो नाकारते. सेटअपमध्ये सिक्युअर बूट तात्पुरता बंद करा, दुरुस्ती झाल्यावर पुन्हा चालू करा. विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) असेल तर त्याची रिकव्हरी की आधी हाताशी ठेवा, कारण हा बदल केल्यावर विंडोज ती मागू शकते.