हेपॅटायटिस बी : विषाणूचा डीएनए सांधून देतं कोण?

प्रश्न : हेपॅटायटिस बीच्या विषाणूकडे स्वतःचं पॉलिमरेज, म्हणजे डीएनए बनवणारं एन्झाइम, आहे. मग आपल्या पेशीतल्या दुरुस्तीच्या एन्झाइमांची त्याला गरज का पडते?

कारण ते पॉलिमरेज काम अर्धवट टाकतं. विषाणूकणातला सुमारे ३,२०० बेसचा डीएनए, म्हणजे आरसीडीएनए, दिसतो गोल, पण त्याचे दोन्ही धागे तुटके असतात. दोन धाग्यांपैकी उणे धागा पूर्ण लांबीचा आहे, मात्र त्याच्या ५ प्राइम टोकाला, म्हणजे सुरुवातीच्या टोकाला, पॉलिमरेज प्रथिन सहसंयुज बंधाने चिकटलेलं असतं आणि टोकाशी नऊ-दहा बेसची पुनरावृत्ती असते. अधिक धागा अपुरा असतो, आणि त्याच्या ५ प्राइम टोकाला आरएनएचा तुकडा तसाच राहिलेला असतो. यातून केंद्रकात बंद वर्तुळ, म्हणजे सीसीसीडीएनए, तयार झाल्याशिवाय विषाणूचा संसर्ग यकृतपेशीत टिकत नाही.

हे सांधकाम पेशी करते. अधिक धाग्यावर आरएफसी हे प्रथिन पीसीएनए या प्रथिनाची कडी चढवतं, त्या आधारावर पॉलिमरेज डेल्टा रिकामी जागा भरत पुढे सरकतं आणि समोरचा आरएनए उचलून धरतं. ते लोंबतं टोक फेन-१ छाटतं, शेवटचा सांधा लायगेज-१ जोडतं. उणे धाग्याला फेन-१ आणि लायगेज-१ एवढी दोनच पुरतात. शुद्ध केलेली ही पाच प्रथिनं परीक्षानळीत आरसीडीएनएपासून सीसीसीडीएनए बनवू शकतात, हे २०२० साली दाखवलं गेलं. डीएनएची प्रत काढताना ओकाझाकी तुकडे, म्हणजे एका धाग्याचे सुटे बनलेले तुकडे, जोडायला पेशी हीच पाच वापरते. म्हणजे विषाणूचा डीएनए पेशीला परका वाटतच नाही, स्वतःचंच राहून गेलेलं काम वाटतं.

टीडीपी-२ या दुरुस्तीच्या एन्झाइमचं नाव बरेचदा ऐकू येतं. चिकटलेलं पॉलिमरेज ते सोडवू शकतं, पण टीडीपी-२ काढून टाकलेल्या पेशींतही सीसीसीडीएनए तयार होतो. त्यामुळे सारा भर त्याच्यावर देणं मला योग्य वाटत नाही.

प्रश्न : मग हीच एन्झाइमं औषधाने बंद केली तर?

अडचणी तीन. विभाजन होणाऱ्या प्रत्येक पेशीला ती लागतात, त्यामुळे अस्थिमज्जा आणि आतड्याचं अस्तर आधी भरडलं जाईल. दुसरी, एक अडवलं की दुसरं पुढे येतं : लायगेज-१च्या जागी लायगेज-३, डेल्टाच्या जोडीला पॉलिमरेज कॅप्पा. तिसरी सर्वांत मोठी. निदान होतं तेव्हा सीसीसीडीएनए आधीच तयार असतो, आणि सांधणारे हात बांधले तरी आधी झालेला सांधा उसवत नाही.

मला जास्त आशा वाटते ती एसएमसी-५/६ या प्रथिनांच्या जोडीकडून. गुणसूत्रांची निगा आणि डीएनए दुरुस्ती हे तिचं नेहमीचं काम. ती सीसीसीडीएनएवर बसते आणि त्याचं लेखन, म्हणजे त्यावरून आरएनए बनणं, गप्प करते. विषाणूचं एक्स प्रथिन पेशीतल्या डीडीबी-१ प्रथिनाला पकडून तिला नष्ट करवतं. एक्स नसलेला विषाणू सीसीसीडीएनए बनवतो, पण त्यावरून आरएनए फारसा निघत नाही. एक्स आणि डीडीबी-१ यांची पकड सोडवता आली, तर पेशीची स्वतःची दुरुस्ती अबाधित राहील.

प्रश्न : पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवून मोजण्याच्या चाचणीत, सीसीसीडीएनए अवास्तव जास्त येतो. प्राइमर, म्हणजे प्रत काढायला सुरुवात करून देणारे छोटे तुकडे, तर आरसीडीएनएमधल्या तुटीच्या (खाचेच्या) दोन्ही बाजूंना आहेत.

प्राइमरच्या जागेवर विसंबू नका. आरसीडीएनए मुबलक असेल, तर पीसीआरचं पॉलिमरेज साचा बदलून खाच ओलांडतं. आधी हर्ट पद्धतीने (पेशीतला लहान डीएनए वेगळा काढण्याची पद्धत) डीएनए काढा, पण प्रोटिनेज के हे प्रथिन पचवणारं एन्झाइम न घालता : प्रथिन चिकटलेला आरसीडीएनए एसडीएस हे डिटर्जंट आणि पोटॅशियम यांच्या गाळाबरोबर खाली जातो. प्रथिन सुटलेला आरसीडीएनए मात्र वर द्रवात राहतो, त्यासाठी टी-५ एक्झोन्यूक्लिएज हे तुटका डीएनए खाणारं एन्झाइम लागतं. ते जास्त वेळ ठेवू नका आणि नमुना जोराने हलवू नका. एक धागा तुटलेलं वर्तुळही टी-५ खातं, म्हणून हाताळणीत चीर गेलेला सीसीसीडीएनए नाहीसा होतो आणि आकडा उलट कमी येतो. प्रक्रियेआधी आणि नंतर मायटोकाँड्रियाचा डीएनए आणि एक केंद्रकीय जनुक मोजा. पहिला बऱ्यापैकी टिकला पाहिजे, दुसरं जवळपास संपलं पाहिजे.

निर्णायक पुरावा सदर्न ब्लॉटचाच, म्हणजे डीएनएचे पट्टे वेगळे करून ओळखण्याच्या पद्धतीचा. आरसीडीएनए सुमारे ४ केबीवर (केबी म्हणजे हजार बेस), रेषीय ३.२वर, सीसीसीडीएनए २.१वर दिसतो. नमुना ८५ अंश सेल्सिअसवर ५ मिनिटं तापवा : आरसीडीएनएचे धागे सुटतात, सीसीसीडीएनए जागचा हलत नाही. मग एकदाच कापणारं रिस्ट्रिक्शन एन्झाइम लावल्यावर तो पट्टा ३.२वर आला पाहिजे. पेशींत प्लाझ्मिड, म्हणजे विषाणूचा डीएनए वाहणारं वर्तुळ, घातला असेल, तर त्याचा उरलेला डीएनएही फसवतो.

प्रश्न : कित्येक वर्षं टेनोफोव्हिर हे विषाणूविरोधी औषध चालू आहे, विषाणूचा डीएनए सापडत नाही, तरी एचबीएसएजी (विषाणूच्या पृष्ठभागावरचं प्रथिन) पॉझिटिव्ह का?

टेनोफोव्हिर आणि एन्टेकॅव्हिर ही औषधं आरएनएवरून डीएनए बनवणं थांबवतात. केंद्रकातला सीसीसीडीएनए आणि त्यावरून प्रथिनं बनणं त्यांच्या आवाक्याबाहेर आहे. शिवाय विषाणूचा काही डीएनए गोल न होता रेषीय राहतो, आणि आपल्या गुणसूत्रात तुटलेल्या जागी टोकं जोडणारी दुरुस्ती त्यालाही शिवून टाकते. अशा तुकड्यातून नवा विषाणू होत नाही, पण पृष्ठभागावरच्या प्रथिनाचं जनुक शाबूत असेल तर एचबीएसएजी निघत राहतं.

म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका; विषाणू उसळून यकृताचा दाह तीव्र होऊ शकतो. एचबीएसएजी निगेटिव्ह झालं तरी सीसीसीडीएनए उरलेला असू शकतो. केमोथेरपी किंवा रिटुक्सिमॅब हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सुरू होणार असेल, तर जुन्या संसर्गाची माहिती डॉक्टरांना आधी द्या आणि अँटी-एचबीसी (जुना संसर्ग दाखवणारी प्रतिपिंडं) तपासणी झाल्याची खात्री करा.