सवाल तुमचे: गिटार मध्येच गायब होते ती मुद्दाम का?

मागच्या अंकात गाइडेड बाय व्हॉइसेस या अमेरिकन बँडच्या 'बी थाउजंड' अल्बमबद्दल मी जेमतेम दहा ओळी लिहिल्या होत्या. घरच्या घरी बहुतेक फोर-ट्रॅक कॅसेट मशीनवर रेकॉर्ड केलेला, 1994 चा, लो-फाय म्हणतात त्या प्रकारातला, म्हणजे खरखर, चुका तशाच ठेवलेला, एवढंच. त्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं, निम्मी तर तक्रारीचीच आहेत, म्हणून यावेळी दुसरं काही घेत नाही.

तुमचं वाचून अल्बम लावला. पहिल्याच गाण्यात गिटार मध्येच बंद पडते आणि परत येते. मला वाटलं इयरफोन गेला, नवीन आणला, तरी तेच. हा काय प्रकार आहे?
वाचक, सांगली

इयरफोनचे पैसे मासिक देणार नाही हे आधीच सांगते! पण तुमचे कान एकदम शाबूत आहेत. 'हार्डकोअर यूएफओज' हे ते गाणं, आणि त्यात गिटार खरंच मध्येच गळते. दुसरा कुणी असता तर तो भाग परत वाजवून घेतला असता, निदान ते गाणं मागे कुठेतरी सतराव्या-अठराव्या नंबरला दडवलं असतं, इथे ते चक्क दारातच उभं केलंय. म्हणजे आत यायचं तर हे चालवून घ्यावं लागेल असं पहिल्याच मिनिटाला सांगून मोकळे. मला विचाराल तर गिटार गेल्यावर गाणाऱ्याचा आवाज जसा एकटा उघडा पडतो ना, तेवढ्यासाठी मी ते गाणं परत परत लावते.

फोर-ट्रॅक म्हणजे नक्की काय? आम्ही लॅपटॉपवर हवे तेवढे ट्रॅक घेतो, चारमध्ये काय होतं?
इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, पुणे

तुमच्या घरात माळ्यावर जुनी कॅसेट असेल तर ती काढून हातात घ्या. आतली टेप पुरती चार मिलिमीटरही रुंद नसते. नेहमीच्या स्टिरिओ कॅसेटमध्ये तेवढ्याशा पट्टीवर चार रेघा असतात असं समजा, दोन ए बाजूच्या, एक डावी एक उजवी, आणि दोन बी बाजूच्या. आता कुणाच्या तरी डोक्यात आलं की बाजू वगैरे विसरू, चारही रेघा एकाच दिशेने वापरू, एकीवर ड्रम, एकीवर गिटार, एकीवर बेस, एकीवर गाणं, आणि प्रत्येक वेगवेगळ्या वेळी भरू. टॅस्कम कंपनीने 1979 मध्ये असं घरगुती मशीन बाजारात आणलं, पोर्टास्टुडिओ नावाचं. असली कॅसेट उलटी करून लावली की गाणं शेवटाकडून सुरुवातीकडे वाजतं, तो खेळही खूप जणांनी केलाय.

पण चार रेघा संपतात हो पटकन. मग काय करायचं, तीन भरल्या की त्या तिन्ही मिसळून चौथीवर उतरवायच्या आणि पहिल्या तीन पुसून परत वापरायच्या. यात गोम अशी की वरणभात एकदा कालवला की वरण परत वेगळं काढता येत नाही, ड्रम मोठा झाला तर झाला, आता तो तसाच राहणार. आणि दर वेळी उतरवताना टेपची ती सस्स्स अशी खरखर वाढत जाते, वरचे बारीक सूर बोथट होतात, आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा वाटायला लागतो. त्या काळात मोठ्या स्टुडिओत दोन इंच रुंद टेपवर चोवीस ट्रॅक असायचे, त्याच्याशी तुलना करून बघा म्हणजे फरक कळेल. तुमच्या लॅपटॉपवर निर्णय पुढे ढकलता येतो, इथे तो जागच्या जागी घ्यावा लागायचा, एवढाच काय तो मुद्दा.

गायक खरंच शाळामास्तर होता का? मी स्वतः चौथीला शिकवतो, वय 41, रात्री गाणी करतो, बायको म्हणते आता पुरे.
शिक्षक, लातूर

सर, तुमचं पत्र सगळ्यात आधी वाचलं आणि उत्तर द्यायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

हो, रॉबर्ट पोलार्ड शिक्षक होता, आणि तोही चौथीचाच. गाव डेटन, ओहायो राज्यात, विमानवाल्या राइट बंधूंचं गाव म्हणून आपल्याकडे ऐकून माहीत असतं. चौदाएक वर्षं त्याने शिकवलं. कॉलेजात असताना बेसबॉलचा चांगला बॉलर, म्हणजे त्यांच्या भाषेत पिचर, होता आणि राइट स्टेट युनिव्हर्सिटीकडून एका मॅचमध्ये त्याने समोरच्या टीमला एकही हिट मारू दिला नव्हता, ते सगळं सोडून हा गाण्यांच्या मागे. 1986 ला पहिली छोटी रेकॉर्ड काढली, मग जवळजवळ दरवर्षी एक, कर्ज काढून, स्वतःच्या पैशाने, काही शे प्रती छापायच्या आणि त्या घरातच पडून राहायच्या. गावात कुणाला सोयरसुतक नव्हतं. घरच्यांना काय वाटत असेल ते तुम्हाला मी वेगळं सांगायला नको!

1992 ला त्याने ठरवलं की बास, ही शेवटची. 'प्रोपेलर' नावाची रेकॉर्ड, 500 प्रती, आणि कव्हर छापायला पैसे नाहीत म्हणून दोस्तमंडळींनी बसून प्रत्येक कव्हर हाताने केलं, पाचशेच्या पाचशे वेगवेगळी. आणि नेमकी तीच रेकॉर्ड गावाबाहेर गेली. क्लीव्हलंडला स्कॅट रेकॉर्ड्स नावाची छोटी कंपनी होती, तिच्या रॉबर्ट ग्रिफिनने यांना धरलं, 1993 मध्ये न्यूयॉर्कच्या सीबीजीबी क्लबमध्ये बँड वाजला, आणि पुढच्या वर्षी जूनमध्ये 'बी थाउजंड' आला. पोलार्ड तेव्हा 36 वर्षांचा होता. नोकरी त्यानंतर सुटली, आधी नाही, हे वहिनींना जरूर सांगा.

अल्बममध्ये 'गोल्ड स्टार फॉर रोबोट बॉय' असं एक गाणं आहे. गोल्ड स्टार म्हणजे तिकडे बाई किंवा सर पोरांच्या वहीत चिकटवतात ती सोनेरी चांदणी, आपल्याकडचा 'शाब्बास' शेरा. ते गाणं तुम्ही वर्ग सुटल्यावर स्टाफरूममध्ये ऐका, आमच्यापेक्षा तुम्हाला जास्त लागेल असं मला वाटतं.

तुमची गाणी कशी आहेत ते मला माहीत नाही, त्यामुळे पुरे की नको हे मी कसं सांगू. पण 36 आणि 41 मध्ये फार अंतर नाही.

आयुष्यभर मी टेपची खरखर काढायचं काम केलं. आता पोरं त्याच खरखरीचं कौतुक करतात. आळसाला कला म्हणायचं का?
निवृत्त रेकॉर्डिस्ट, मुंबई

काका, रागवू नका, पण तुमचं अर्धं बरोबर आहे. लो-फायच्या नावाखाली पुष्कळ भंगार खपलं, नीट न बसवलेली चाल आणि वरून 'ते तसंच हवंय' असं ऐकवायचं. त्याला मीही कंटाळलेय.

या अल्बमचं तसं नाही. मेहनत रेकॉर्डिंगमध्ये कमी झाली असेल, निवडीत नाही. तळघरात, गॅरेजमध्ये, दोस्त टोबिन स्प्राउटच्या मशीनवर यांनी ढिगाने गाणी उतरवली होती, काही तर कित्येक वर्षं जुने तुकडे, त्यातून क्रम लावायचे, मोडायचे, परत लावायचे, त्यात ग्रिफिनचाही हात होता. शेवटी राहिली 20 गाणी आणि सगळी मिळून सदतीस मिनिटांच्या आत, म्हणजे एकेकाला दोन मिनिटंही धड नाहीत. एक कडवं झालं, मुखडा झाला, सांगायचं संपलं की गाणंही संपलं. 2004 मध्ये स्कॅटने याचीच 'डायरेक्टर्स कट' म्हणून तीन एलपींची आवृत्ती काढली, त्यात गाळलेलं बरंच काही आहे, ते ऐकलं की बाहेर काय काय ठेवलं होतं ते समजतं. मला तीन एलपी एका बैठकीत झेपल्या नाहीत.

आणि एक प्रयोग तुमच्यासाठी. 'आय ॲम अ सायंटिस्ट' या गाण्याची स्टुडिओतली स्वच्छ आवृत्तीही त्याच वर्षी निघाली, दोन्ही पाठोपाठ ऐका. स्वच्छ आवृत्तीतही चाल तितकीच पक्की आहे, म्हणजे गाणं खरखरीवर उभं नाही हे तुमच्या बाजूचं. पण कॅसेटवाल्या गाण्यात तो कुणी ऐकत नसताना गातोय असं वाटतं, आणि स्टुडिओत तो आपल्याला ऐकवतोय, हे माझ्या बाजूचं. तुम्ही ऐकून कळवा, तुमचा निकाल मला मान्य.

पुढे काय झालं? नाव कुठेच ऐकलेलं नाही.
वाचक, नाशिक

बरंच झालं, थोडक्यात सांगते. 1995 ला मॅटाडोर या मोठ्या इंडी, म्हणजे स्वतंत्र, कंपनीकडून 'एलियन लेन्स' आला, 28 गाणी, रेकॉर्डिंग परत तसंच घरगुती. डेटनच्याच ब्रीडर्स बँडने यांचं एक गाणं स्वतः गाऊन रेकॉर्ड केलं. 2002 मध्ये स्ट्रोक्स या बँडच्या एका व्हिडिओत गाइडेड बाय व्हॉइसेसचे लोक दिसतात. 2006 ला फक्त 'बी थाउजंड' या एका अल्बमवर आख्खं पुस्तक निघालं, आणि 2009 ला ॲमेझॉनने शंभर इंडी रॉक अल्बमची यादी केली तेव्हा पहिल्या नंबरवर हाच. बँड 2004 ला बंद झाला, 2010 ला जुनी मंडळी परत एकत्र आली, मग परत फाटाफूट, परत नवीन भिडू, पण पोलार्ड थांबला नाही आणि अल्बमचा आकडा चाळीसच्या पुढे गेलाय. सगळे ऐकायच्या फंदात पडू नका.

मोबाइलवर गाणं रेकॉर्ड केलं तर असा आवाज येईल का? की टेपच्या हिसचं प्लगइन टाकू?
कॉलेजकुमार, कोल्हापूर

मोबाइल आवाज आपणहून साफ करतो, त्यामुळे तसा येणार नाही. हिस म्हणजे तीच टेपची खरखर, ती गाण्यात मिसळणारी छोटी सॉफ्टवेअर, म्हणजे प्लगइन, फुकटही मिळतात, टाकायला दोन मिनिटं लागतात. पण तुमच्या अख्ख्या पत्रात गाण्याबद्दल एक ओळ नाही राव, चाल काय, शब्द काय, कशावर आहे. आधी ते पाठवा, फोनवर जसं होईल तसं, पंखा चालू असला तरी चालेल. हिसचं मग बघू.