आधी चूल, मग वही

चिरंजीव लेकीस, अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. तुझ्या जर्मन आजींच्या कपाटात सापडलेल्या पाककृतींच्या दोन वह्यांविषयी वाचून मला फार आनंद झाला, पण पत्राच्या शेवटी विचारलेल्या प्रश्नाने तेवढीच अस्वस्थही झाले. जन्माने पुणेकर, बोलीने आणि आडनावाने मराठी असलेल्या मुलीने या जर्मन पदार्थांना आपले म्हणावे का, असे तू विचारतेस. मैत्रिणी याला मिरवणे म्हणतात, आणि आजींच्या माहेरची तुझी नात्यातली बहीण म्हणते की आम्ही स्वतःच हे घरी करत नाही, दुकानातून पाकीट आणतो. या गोंधळातून वाट काढण्यासाठी तू असे ठरवले आहेस की आधी दोन्ही वह्या स्कॅन करून, त्यांचा अनुवाद करून घेऊन एक देखणे पुस्तक छापावे, ते सगळ्या नातेवाइकांना द्यावे, आणि मग सवडीने त्यातले काही पदार्थ करून पाहावेत. तुझा हेतू मला पटतो, क्रम मुळीच पटत नाही. आधी रांध. दर आठवड्याला रांध, आणि चवीने खा. बाकी सगळे त्याच्यामागून येऊ दे.

अधिकाराचा प्रश्न लगेच निकालात काढते, कारण त्यावर तू वाजवीपेक्षा अधिक रात्री जागून काढल्या आहेस. ‘श्वेबिश माउलताशेन’ (नैऋत्य जर्मनीतल्या श्वाबेन प्रदेशाच्या सारण भरलेल्या पुरचुंड्या) या नावाला युरोपीय संघाने 2009 साली भौगोलिक संरक्षण दिले आणि 2012 साली ‘श्वेबिश श्पेत्झले’ (तिथल्याच अंडे घातलेल्या पिठाच्या जाड शेवया) या नावालाही ते मिळाले. त्या नावाने माल विकायचा असेल तर तो त्याच प्रदेशात तयार झालेला असावा लागतो. व्यापाऱ्यांसाठी केलेला तो नियम आहे, आणि कोथरूडच्या ओट्यावर पिठाची पोळी लाटून तिच्यात पालकाचे सारण भरणाऱ्या मुलीशी त्याला काहीही कर्तव्य नाही. तुझ्या आजी लग्न करून पुण्यात आल्या, त्याच ओट्यावर त्यांनी हे सगळे केले आणि तुझे वडील ते खाऊन मोठे झाले. याहून वेगळा दाखला तुला कोणाकडून हवा आहे?

आता मसुराविषयी सांगते, कारण माझा सगळा हट्ट त्यात आहे. आजींचे माहेर श्वेबिश आल्बवरचे. हे चुनखडीचे पठार आहे; माती उथळ आणि दगडगोट्यांची, पावसाचे पाणी झिरपून खोल निघून जाते. तशा जमिनीतही मसूर येतो, म्हणून तो तिथल्या गरिबांच्या ताटात आला. त्याचे रोप लवचीक असते आणि आधाराशिवाय जमिनीवर लोळते, म्हणून त्याच्यासोबत जव किंवा ओट पेरतात, दोन्ही पिके एकत्र कापतात आणि मग दाणे वेगळे करतात. एवढे कष्ट करून उत्पन्न बेभरवशाचे. महायुद्धानंतरच्या दशकांत ही शेती मोडली आणि तिथला जुना वाण शेतांतून नाहीसा झाला. 1980च्या दशकात लाउटराख गावच्या वोल्डेमार मामेल यांनी आल्बवर मसूर पुन्हा पेरायला सुरुवात केली, पण त्यांना फ्रान्सकडच्या वाणावर भागवावे लागले. आल्बचा स्वतःचा वाण सापडला तो 2006 साली, रशियात सेंट पीटर्सबर्गच्या वाविलोव संस्थेच्या बियाणे-संग्रहात. तिथून मिळालेले थोडेसे बी हंगामामागून हंगाम वाढवत नेले, आणि आज तो मसूर पुन्हा आल्बवर पिकतो, बाजारात विकला जातो, घराघरांत शिजतो.

त्या संग्रहात हे बी सुरक्षित होते. त्याची नोंद होती, त्याला नाव होते. तरीही तेवढी सगळी वर्षे आल्बवरच्या माणसाला त्याची चव ठाऊक नव्हती. जपून ठेवणाऱ्यांचे उपकार मी मानते, त्यांच्याशिवाय काहीच परत आले नसते. पण जपणे हे अर्धेच काम आहे, आणि तू त्या अर्ध्या कामालाच पूर्ण काम समजून पुस्तकाच्या कागदाची निवड करत बसली आहेस. तुझ्या घरी चूल पेटलेली आहे, वडील धडधाकट आहेत, आजींना जाऊन फार काळ लोटलेला नाही. पेरणीच्या दिवसांत बी डब्यात बंद करून ठेवायचे नसते. आधी रांध.

मी एवढ्या तळमळीने लिहिते त्यामागे आमच्या घरात घडलेली एक गोष्ट आहे. माझ्या सासऱ्यांचे घर पूर्व प्रशियातले, म्हणजे तेव्हाच्या जर्मनीच्या पूर्व टोकाचे. 1945च्या हिवाळ्यात त्यांची आई मुलांना घेऊन तिथून निघाली ती कायमची, आणि त्यांचे क्योनिग्सबर्ग शहर सोव्हिएत ताब्यात जाऊन पुढच्याच वर्षी कालिनिनग्राद झाले. त्या शहराच्या नावाने ओळखले जाणारे क्लोप्से, म्हणजे पांढऱ्या रश्शातले खिम्याचे गोळे, वर केपरच्या कळ्या आणि लिंबाचा आंबटपणा, हे आजेसासूबाईंच्या हातचे सगळ्यांना प्रिय होते. त्या होत्या तोवर हा पदार्थ कोणत्याही बुधवारी व्हायचा. त्या गेल्यावर त्याचा मान राखावा म्हणून घरच्यांनी तो त्यांच्या वाढदिवसापुरता ठेवला; मग वाढदिवसाला सगळ्यांचे जमणे अवघड होत गेले आणि एक वर्ष चुकले, मग दुसरे. आज त्याची कृती त्यांच्याच सुवाच्य अक्षरात, चौकटीत बसवून नणंदेच्या घरी भिंतीवर लावलेली आहे, आणि रस्सा किती दाट असायचा, लिंबू कधी पिळायचे, हे सांगू शकेल असे माणूस आमच्यात उरलेले नाही. मी त्या घरात तेव्हा नवी होते आणि माझा शब्द चालण्यासारखा नव्हता. याची खंत मला आजही आहे, आणि ती जाईल असे वाटत नाही.

म्हणूनच सासूबाईंच्या श्वेबिश स्वयंपाकाच्या बाबतीत मी कोणाचे ऐकले नाही. आमच्याकडे शनिवारी दुपारी मसूर आणि श्पेत्झले होतात, पाहुणे असोत वा नसोत, कोणी कंटाळलेले असो वा नसो. मुलीने पंधराव्या वर्षी फळीवरून श्पेत्झले पाडायला साफ नकार दिला होता. मी तिला ओट्यापाशी उभे केलेच. आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या एक-दोघींनी मला ऐकवले की ही तर पुरती त्यांची होऊन गेली. त्याच हट्टाने मी होळीला पुरण वाटले आहे आणि रोज रात्री वरणभात लावला आहे, हे त्यांना दिसले नाही. आज माझी मुलगी हॅम्बुर्गला स्वतःच्या घरी, कोणी न सांगता, शनिवारी तेच करते. मी कठोर वागले असे कोणी म्हणत असेल तर म्हणू दे. माझ्याजागी तू असतीस तर क्लोप्सेची ती चौकट पाहून हेच केले असतेस.

आता तुझ्या ओट्याकडे वळते. श्पेत्झलेपासूनच सुरुवात कर, कारण त्यात हाताला शिकवण्यासारखे सगळे आहे. जर्मनीत त्यासाठी मिळणारे पीठ आपल्या मैद्याहून जरा भरड असते, म्हणून मैद्यात थोडा बारीक रवा मिसळ. माणशी शंभर ग्रॅम पीठ आणि एक अंडे, आणि सगळ्यांचे मिळून एक अंडे जास्त, हा सासूबाईंचा हिशेब. मीठ आणि लागेल तेवढे पाणी. ते लाकडी चमच्याने घोट, खांदा भरून येईपर्यंत घोट. पिठात हवेचे बुडबुडे दिसू लागतात आणि चमचा वर उचलला की पीठ ओघळून न जाता जड होऊन, तुटत तुटत खाली येते, तेव्हा ते झाले. थोडा वेळ झाकून ठेव. मग उकळत्या मिठाच्या पाण्यात फळी ओली करून घे, तिच्या पातळ कडेवर थोडे पीठ पसरून सुरीने त्याच्या बारीक बारीक पट्ट्या भराभर पाण्यात पाड. त्या तरंगून वर आल्या की झाऱ्याने काढ. पहिल्या खेपेला जाडजूड, वेडेवाकडे गोळे पडतील आणि ते खायला उत्तम लागतील. छिद्रांचे यंत्र लगेच विकत आणू नकोस.

तू अंडे खातेस पण मांस खात नाहीस, आणि सॉसेजशिवाय हा पदार्थ अपुरा राहील अशी तुला भीती वाटते. ती सोडून दे. त्या पठारावरच्या गरीब घरांत मांस रोज कुठून येणार? मसूर हेच जेवण होते, सोबतची सॉसेजची जोडी ही ऐपतीची गोष्ट होती. आपल्याकडचा अख्खा मसूर घे. इस्लामपूर-कोल्हापूरकडे ढाब्यांवर मिळतो तोच. वाण वेगळा असला तरी पीक तेच आहे. गाजर, सेलरी आणि कांद्याबरोबर तो मऊ शिजव, दाणा मोडू देऊ नकोस. कढईत तुपावर पीठ चांगले तांबूस होईपर्यंत भाज, ते त्यात मिसळून रस्सा दाट कर, आणि शेवटी व्हिनेगर घाल. व्हिनेगरची बाटली जेवतानाही टेबलावर हवी.

आणि जिऱ्याची फोडणी देऊ नकोस. गरम मसाला, हिरवी मिरची, कोथिंबीर, काही नको. मैद्यात रवा आणि आल्बच्या मसुराऐवजी आपला मसूर, हे मी तुला स्वतःहून सांगितले, कारण जे मिळत नाही त्याला पर्याय शोधावाच लागतो आणि तुझ्या आजींनीही तो शोधला होता. पण जे सहज करता येते ते पाहणाऱ्याला गंमत वाटावी म्हणून बदलणे मला मान्य नाही, निदान हा पदार्थ तुझ्या जिभेला पुरता ओळखीचा होईपर्यंत तरी नाही. त्याच्या आंबट आणि खमंग चवीवर आधी प्रेम बसू दे. आजींच्या वहीत बटाट्याचे सॅलड असणारच. तेही याच आठवड्यात कर. उकडताना न फुटणारे, चिकट जातीचे बटाटे निवड, गरम असतानाच सोलून पातळ चकत्या कर आणि त्यांच्यावर भाज्यांचे गरम सूप, व्हिनेगर, मोहरीची पेस्ट, बारीक कांदा घालून मुरू दे. तेल सगळ्यात शेवटी. मेयोनेज अजिबात नाही. चमच्याने ढवळताना त्यातून मचमच असा ओला आवाज यायला हवा. श्वेबिश घरांत सॅलड त्या आवाजावरून पारखतात. हा आवाज तुझ्या पुस्तकाच्या कोणत्या पानावर येणार आहे, सांग बरे?

दोन वह्यांपैकी थोरली वही पणजीची असावी. तिच्यातले अक्षर तुला अनोळखी वाटते कारण ते जुन्या जर्मन लिपीतले आहे. 1941 साली शाळांमधून ती शिकवणे बंद झाले, आणि आज बहुतेक जर्मनांनाही ती वाचता येत नाही, जशी आपल्या घरातली मोडीची दफ्तरे आपल्याला परकी झाली आहेत. मला ती सासूबाईंमुळे वाचता येते आणि मी तुला वाचून देईन. पण सगळी वही एकदम देणार नाही. एका पानाचा फोटो पाठव. त्यावरचा पदार्थ तू करून घरच्यांना वाढलास की पुढचे पान. तुला हा जाच वाटेल, आणि पत्र वाचताना तुझ्या कपाळावर आठी चढली असेल याची मला कल्पना आहे. तरीही माझी अट हीच राहील. लेकी, मी तुझ्यावर रागावलेली नाही. तुझ्याकडे जे आहे ते आमच्या क्लोप्सेसारखे भिंतीवर जाऊ नये एवढ्यासाठी घाई करते आहे.

सगळ्यात मोठा आधार तुझ्या घरातच आहे आणि पत्रात तू त्यांचा उल्लेखही केला नाहीस. तुझ्या वडिलांनी लहानपणापासून आजींच्या हातचे हे जेवण जेवले आहे. त्यांना कृती येत नसेल, पण जिभेला आठवण असते. येत्या शनिवारी त्यांना बोलावून पहिले ताट त्यांच्यापुढे ठेव, आणि ‘छान झाले आहे’ एवढ्या उत्तरावर त्यांना उठू देऊ नकोस. व्हिनेगर कमी आहे का, पीठ आणखी भाजायला हवे होते का, आजींचे श्पेत्झले याहून लांब असायचे का, असे नेमके प्रश्न विचार. ते जे सांगतील ते वहीच्या समासात पेन्सिलीने लिहून ठेव, आणि त्याच्या पुढच्या शनिवारी तसे करून पुन्हा त्यांनाच वाढ.

तुझी,
मावशी